नेमके नाव, नेमकी नोंद
(हीरक महोत्सवी वर्षातील पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘दूरदृष्टी’ हा मराठीत गौरवाचा शब्द आहे. नेत्रवैद्यकात मात्र तो दोषाचा वाचक ठरतो. त्यामुळेच की काय, ज्या मुलाला दूरचा फळा स्पष्ट वाचता येतो त्याचे डोळे निर्दोष, असा समज घरोघरी रूढ आहे. तो नेहमीच खरा नसतो.

डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर एकवटले, तर प्रतिमा स्पष्ट उमटते. नेत्रगोल लांबट असल्यास ते पटलाच्या अलीकडे एकवटतात, ही निकटदृष्टिता. नेत्रगोल आखूड असल्यास प्रतिमा पटलाच्या मागे जाऊ पाहते, ही दूरदृष्टिता. पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्यास जो दोष उद्भवतो त्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. चाळिशी याहून निराळी; तिच्यात वयोमानाने भिंगाची लवचिकता घटते. दूरदृष्टिता आणि चाळिशी यांतील हा भेद डच नेत्रवैद्य डोंडर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर स्पष्ट केला.

हा भेद नोंदीतही टिकावा, यासाठी रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण उपयोगी पडते. त्याचा उगम बर्टिलॉन यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. त्याच्या दहाव्या आवृत्तीत एच०० ते एच५९ हे संकेतांक नेत्रविकारांचे आहेत. दूरदृष्टितेचा संकेतांक एच५२.०, निकटदृष्टितेचा एच५२.१, अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा एच५२.२ आणि चाळिशीचा एच५२.४. दोष आहे पण कोणता ते निश्चित केलेले नाही, अशा नोंदीसाठी एच५२.७ आहे. अमेरिकेतील सुधारित रूपात पुढचा अंक उजवा डोळा, डावा डोळा की दोन्ही, हेही सांगतो. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असून तिच्यात हे दोष ९डी०० या गटात आहेत.

रायपूरच्या मराठी कुटुंबांना याचे महत्त्व सहज पटावे. येथील मूल घरी मराठी बोलते, अंगणात छत्तीसगढी ऐकते, दवाखान्यात हिंदीतून उत्तरे देते, आणि हाती येणारी चिठ्ठी इंग्रजीत असते. उद्या वडिलांची बदली नागपूरला झाली, तरी संकेतांकाचा अर्थ बदलत नाही. ‘चष्मा लागला’ एवढ्याच वाक्यातून मात्र नव्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. मुलाचे भिंग लवचिक असते. दूरदृष्टितेचे मूल त्यावर ताण देऊन प्रतिमा पटलावर आणते आणि तक्त्यावरील अक्षरे बिनचूक वाचते. त्याची नोंद ‘नजर चांगली’ अशी होते. पुस्तक समोर आले की हाच ताण वाढतो. डोके दुखते, ओळ चुकते, वाचन नकोसे होते. कधी डोळा नाकाकडे वळू लागतो. प्रगतिपुस्तकात मग शेरा उमटतो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’ हाही एक संकेतांकच, पण तपासणीवाचून लावलेला. तो पुसायला कधी कधी सारे शालेय आयुष्य अपुरे पडते.

दोष एकाच डोळ्यात अधिक असल्यास मेंदू त्या डोळ्याची प्रतिमा दुर्लक्षित करतो व तो डोळा मंद होतो. त्यावरील उपचार लहानपणी जितके लागू पडतात, तितके पुढे पडत नाहीत. म्हणून शंका असल्यास अधिक नंबरचे भिंग लावून तक्ता वाचवून घेतात आणि डोळ्यांत थेंब घालून, भिंगाचा ताण सैल करून नेमके मापन करतात.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. शालेय नेत्रतपासणी त्याचाच भाग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला; छत्तीसगढात तो ‘चिरायु’ नावाने परिचित आहे. त्यातील पथके शाळेत येतात, तेव्हा मूल गैरहजर राहू नये. पथकाची तपासणी ही चाळणी होय, अंतिम निदान नव्हे, हेही ध्यानी असावे.

पालकांनी डॉक्टरांना दोषाचे नाव आणि कोणत्या डोळ्यात तो आहे, हे लिहून मागावे. नंबरापुढील अधिक चिन्ह दूरदृष्टितेचे, उणे चिन्ह निकटदृष्टितेचे. संकेतांक दोषाचे नाव सांगतो. त्याची तीव्रता नंबरावरून कळते. लहान वयातील अल्प दूरदृष्टिता स्वाभाविक असते. प्रत्येक वेळी चष्मा लागतोच असे नाही. तो निर्णय नेत्रतज्ज्ञांचा. मात्र जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवणे हे घराचे काम आहे, आणि वाचायला कंटाळणाऱ्या मुलावर शेरा मारण्यापूर्वी त्याचे डोळे तपासले गेले आहेत काय, हे विचारणे शाळेचे.