नळदुर्ग, तुळजापूर आणि संगीताचा वारसा



आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गास प्रवासी जातो, तो बहुधा किल्ला पाहावयास. बोरी नदीवरील प्रचंड बांध, त्याच्या पोटांतील पाणीमहाल आणि पावसाळ्यांत वरून कोसळणारे प्रवाह पाहून त्याचे डोळे तृप्त होतात. परंतु १६१३ सालीं हा महाल ज्याच्या कारकिर्दींत उभा राहिला, तो विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (१५८०–१६२७) संगीताचा निस्सीम उपासक होता, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

या राजास लोक ‘जगद्गुरु’ म्हणत. त्यानें आपल्या तंबोऱ्यास ‘मोतीखान’ असें नांव दिलें होतें. दख्खनी भाषेंत त्यानें ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह रचिला. त्यांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे, तसेंच गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांचेंही. गीत कोणत्या रागांत गावें, हें त्यानें नमूद केलें; कोठें भूपाळी, कोठें कानडा. मात्र स्वरलेखन नाहीं. दरबार मोडला, गाणारे गेले. आज शब्द आहेत, रागाचें नांव आहे; राजाच्या कानीं पडलेली चाल मात्र नाहीं.

तालुक्याच्या गांवीं, तुळजापुरांत, याच्या अगदीं उलट प्रकार आढळतो. गळ्यांत कवड्यांची माळ, कमरेस संबळ, साथीस तुणतुणें आणि पेटती दिवटी, अशा थाटानें गोंधळी भवानीचा गोंधळ घालितो. संबळाच्या दोन अंगांपैकीं एकाचा नाद उंच, दुसऱ्याचा खर्जाचा. आरंभीं गांवोगांवच्या देवतांना नांवानिशीं पाचारण होतें. ही विद्या बापाकडून मुलाकडे मुखानें आली. येथें चाल जिवंत आहे. परंतु मुलानें पोटासाठीं शहराची वाट धरिली कीं, ती बापाच्या कंठाबरोबरच संपते.

एके ठिकाणीं ग्रंथ उरला व सूर गेला. दुसरीकडे सूर आहे, पण ग्रंथ नाहीं. आपल्या देवळांत पेटी-तबल्यावर गाइल्या जाणाऱ्या मराठी भजनांच्या जुन्या चालीही वडील मंडळींच्या कंठींच आहेत. तेव्हां तरुणांस माझी विनंति आहे: प्रवासांत दगड पाहा, तसे गळेही ऐका. गायकाची अनुमति घेऊन त्याचें गाणें खिशांतील यंत्रांत मुद्रित करा. त्याचें नांव, गांव व गुरु लिहून ठेवा. आणि साधेल तर त्याच्यापाशीं बसून एक तरी चाल शिका. कारण मुद्रित गाणें जपतां येतें, पण तें पुढें चालतें शिकणाऱ्याच्याच कंठांतून.