बोलावणं कोण धाडतं?

(महिला दिनाच्या निमित्ताने झालेल्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा हा मजकूर. वक्त्या जीवशास्त्राच्या संशोधक आहेत.)

शास्त्रज्ञांच्या परिषदा कशा भरतात या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजणींनी मला विचारलं, की आम्ही पाणी, रेशन, मारहाण यांचे प्रश्न सोडवणाऱ्या बायका, आमचा त्या परिषदांशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधी देते.

१९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या विरोधात स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा झाला, तोही आपल्यासारख्यांच्या मोर्च्यांमुळे. म्हणजे प्रयोगशाळेतून बाहेर पडलेली वस्तू आपल्या अंगावर आली की मग आपण उठतो. पण कोणत्या विषयावर संशोधन करायचं, पैसा कशाला द्यायचा, कोणाच्या विद्यार्थ्याला नोकरी द्यायची, याचं बोलणं कितीतरी वर्षं आधी झालेलं असतं. ते जिथं होतं त्या जागांपैकी एक म्हणजे परिषद. तिथं कोण बसलंय आणि कोण बसलेलं नाही, हा आपलाही प्रश्न आहे.

हे नीट कळावं म्हणून एकच संस्था घेते. अमेरिकेत गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस नावाची एक संस्था आहे. ना नफा ना तोटा तत्त्वावर चालते आणि तिचं काम एकच, शास्त्रज्ञांच्या परिषदा भरवणं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक नील गॉर्डन यांनी १९३१ च्या उन्हाळ्यात याची सुरुवात केली. सुरुवात रसायनशास्त्रापासून झाली, पण पुढे जीवशास्त्राचे विषय तिथं मोठ्या संख्येनं आले. पेशी, जनुकं, मेंदू, रोगप्रतिकार, एकेका विषयाची एकेक परिषद. १९४७ साली हा कारभार न्यू हॅम्पशायर राज्यात गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा-कॉलेजं रिकामी असतात, त्यांची वसतिगृहं भाड्यानं घ्यायची आणि तिथं शास्त्रज्ञांना उतरवायचं. यातलं पहिलं कॉलेज होतं कोल्बी ज्युनिअर कॉलेज. ते मुलींचं कॉलेज होतं! मुली सुट्टीला घरी गेल्या की त्यांच्या खोल्यांत शास्त्रज्ञ येऊन राहायचे आणि त्या काळी त्यांतले बहुतेक सगळे पुरुष असायचे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पण व्यवस्था कशी असते ते यातून दिसतं.

या परिषदेची रीत ऐका. माणसं थोडी, साधारण दोनशेच्या आत. पाच दिवस सगळ्यांनी एकत्र राहायचं, एका जेवणघरात जेवायचं. सकाळी व्याख्यानं, रात्री व्याख्यानं आणि दुपार मोकळी. दुपारी फिरायला जा, पोहा, गप्पा मारा. मोकळी ठेवलेली ही दुपार म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. "पुढच्या वर्षी माझ्याकडे एक जागा निघतेय," "तुमचा तो निष्कर्ष मला पटत नाही, कारण सांगते," ही बोलणी तेव्हाच होतात. दुसरा नियम असा, की तिथलं बोलणं खाजगी समजायचं. फोटो नाहीत, ध्वनिमुद्रण नाही, व्याख्यानांचं पुस्तक निघत नाही. हेतू चांगला आहे. अजून कच्चं असलेलं काम माणसानं निर्भयपणे सांगावं. पण याचा दुसरा अर्थ असा, की जी तिथं नव्हती तिला ते नंतर कुठं वाचायलाही मिळत नाही.

आणि तिथं काय काय ठरू शकतं? १९७३ च्या जून महिन्यात याच संस्थेची न्यूक्लिक आम्लांवरची परिषद भरली होती. तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक होत्या मॅक्सीन सिंगर, दुसरे डीटर झोल. एका जीवाचं जनुक दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. यातून माणसांना धोका नाही ना, असा प्रश्न सभेत उठला. शास्त्र अकादमीला पत्र धाडायचं यावर बहुतेकांचं एकमत झालं. पत्र जगापुढे छापायचं की नाही यावर मात्र मतं जवळजवळ अर्धी-अर्धी झाली. शेवटी छापायचं ठरलं आणि सप्टेंबरमध्ये सिंगर आणि झोल यांच्या सहीनं ते 'सायन्स'मध्ये आलं. त्यातूनच पुढे फेब्रुवारी १९७५ ची असिलोमारची सभा झाली आणि जनुकांच्या प्रयोगांना नियम आले. आज बीटी कापूस म्हटलं की आपल्या विदर्भातल्या शेतकरी बाईलाही जनुकबदल म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्या तंत्राला आवर घालावा का, याची पहिली जाहीर हाक अशा एका छोट्या सभेतून निघाली आणि तिच्या अध्यक्षस्थानी एक बाई होती. तिला तिथं कोणी बसवलंच नसतं तर?

आता अशा संस्थेचं वर्ष कसं जातं ते पाहू. लग्नाचं घर जसं वर्षभर आधीपासून कामाला लागतं तसंच हे. अध्यक्ष वक्त्यांची यादी करतात. बोलावणी जातात. होकार-नकार येतात. बाकीच्यांचे अर्ज येतात, त्यांतून निवड होते. मग तो पाच दिवसांचा आठवडा. शेवटी जमलेली मंडळी मत देऊन पुढच्या खेपेचा उपाध्यक्ष निवडतात आणि तोच नंतर अध्यक्ष होतो. या प्रत्येक पायरीवर काही बायका गळतात. एकदम कोणी हाकलत नाही. चाळणीतून पीठ गळावं तशा गळतात.

पहिली पायरी यादीची. माणूस यादी करायला बसला की त्याला आधी आठवतात त्याचे वर्गमित्र, त्याचे गुरू, परवा ज्याच्याबरोबर जेवला तो. हा नुसता आपला संशय नाही. आर्तुरो कासादेवाल आणि जो हँडल्समन या दोन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी २०१४ साली याचा हिशेब छापला. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या दोन मोठ्या वार्षिक सभांमधले ४६० परिसंवाद आणि १,८४५ वक्ते त्यांनी मोजले. परिसंवाद ठरवणाऱ्यांत एक तरी बाई असली, की वक्त्यांतलं बायकांचं प्रमाण सगळे पुरुषच ठरवत असतानाच्या मानानं ७२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एक बाई! तिनं भांडण केलं असेल असंही नाही. तिला आणखी चार नावं ठाऊक होती, एवढंच.

या आकड्यांचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण आपण नेहमी दुखणंच सांगतो, औषध सांगत नाही. संघटनेनं हा हिशेब कार्यक्रम ठरवणाऱ्यांपुढे ठेवला, परिसंवाद जुळवायला जास्त बायका घेतल्या आणि नुसत्या पुरुषांचे परिसंवाद नकोत असं स्पष्ट सांगितलं. २०१५ च्या सर्वसाधारण सभेत वक्त्यांमध्ये ४८.५ टक्के बायका होत्या. वर्षानुवर्षं "बायका मिळतच नाहीत हो" म्हणणाऱ्यांना त्या एकाएकी कुठून मिळाल्या? त्या होत्याच.

दुसरी पायरी होकाराची. युरोपातल्या उत्क्रांतिशास्त्रज्ञांच्या २०११ च्या अधिवेशनात बोलावणं गेलेल्या बायकांपैकी ५० टक्क्यांनी नकार कळवला, पुरुषांपैकी २६ टक्क्यांनी. हा आकडा हाती आला की लगेच म्हणणारे म्हणतात, "बघा, आम्ही बोलावतो, त्याच येत नाहीत." मैत्रिणींनो, हे वाक्य आपण ग्रामसभेच्या बाबतीत ऐकलेलं आहे. सभा भर दुपारी, पाण्याच्या वेळेला ठेवायची आणि मग म्हणायचं बायका येत नाहीत. बाईनं नाही म्हटलं तर ती नाही का म्हणाली ते विचारायला हवं.

आणि इथंच तिसरी पायरी येते, घरातून निघण्याची. पाच दिवस, परका गाव, निवासी परिषद. तान्हं मूल असेल तर काय करायचं? संशोधनातल्या बाईचं नाव व्हायची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच असतात. याच काळात ती परिषदेला गेली नाही तर पाच वर्षांनी तिचं नाव कोणाला आठवणार? २०१८ साली रेबेका कॅलिसी आणि त्यांच्यासारख्या आई असलेल्या अनेक शास्त्रज्ञ स्त्रियांनी मिळून यावर एक लेख लिहिला. त्यांच्या मागण्या आपल्या मागण्यांसारख्याच साध्या आहेत. पाळणाघर किंवा त्यासाठी पैसे द्या, मुलं घेऊन येता येईल अशा जागी परिषद भरवा, दूध पाजायला स्वच्छ खोली द्या आणि आयांना एकमेकींशी बोलायची सोय करा. जर्मनीच्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांना १९९५ चं नोबेल मिळालं. त्यांनी २००४ साली एक निधी उभारला. मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना त्यातून मदत मिळते आणि ती घरकामाला बाई लावायला, मुलाला सांभाळायला माणूस ठेवायला वापरायची. नोबेल मिळवलेल्या बाईला कळलं, की शास्त्राची वाट स्वयंपाकघरातून जाते!

इथं एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ती संशोधक घराबाहेर पडते तेव्हा घरात कोणीतरी दुसरी बाई मूल सांभाळत असते, सासू, आई किंवा पगारी बाई. तिच्या पगाराचा आणि रजेचा प्रश्न सुटल्याशिवाय हे कोडं पुरतं सुटत नाही. नवऱ्याचा वाटा कुठं आहे, हे तर विचारायलाच हवं.

चौथी पायरी प्रत्यक्ष सभागृहाची. बाई पोचली, बसली, पण बोलली का? १० देशांतल्या २४७ विभागीय व्याख्यानांत कोण प्रश्न विचारतं हे काही संशोधकांनी नोंदलं आणि २०१८ साली छापलं. पुरुषाकडून प्रश्न येण्याची शक्यता बाईच्या अडीच पटीहून जास्त निघाली. पहिला प्रश्न पुरुषानं विचारला, की नंतर बायकांचे हात आणखी कमी वर होत. पहिला प्रश्न कोणाला द्यायचा, हे तर अध्यक्षाच्या हातात असतं. त्याला एक पैसाही लागत नाही. गॉर्डन परिषदांनी २०१६ पासून 'पॉवर अवर' नावाचा एक तास ठेवला आहे. शास्त्रातल्या स्त्रियांपुढच्या अडचणींवर तिथं उघडपणे बोलायचं, पुरुषांनाही मोकळीक. चांगलं पाऊल आहे. पण तो तास ऐच्छिक आहे. ज्यांनी ऐकायला हवं ते त्या वेळी टेकडीवर फिरायला गेले, तर बायकांनी बायकांनाच सांगितल्यासारखं होतं.

पाचवी पायरी मतदानाची. जे हजर तेच मतदार. पहिल्या चार पायऱ्यांवर ज्या गळल्या त्यांचं मत पाचव्या पायरीला नसतं. पुढचा अध्यक्ष पुन्हा तसाच येतो, पुन्हा तशीच यादी करतो. वर्ष पुरं झालं.

२०२० साली करोनानं हे चक्र थांबवलं. कोलोराडोतली कीस्टोन सिम्पोझिया ही अशीच जीवशास्त्राच्या परिषदा भरवणारी दुसरी संस्था. तिनं त्या वर्षी परिषदा पडद्यावर घेतल्या. व्हिसा नको, विमानभाडं नको. ज्यांना एरवी जाणं शक्य नव्हतं त्या घरातून ऐकू शकल्या. पण ऐकताना पोळ्याही लाटत होत्या आणि जेवणाच्या टेबलावरची ती ओळख पडद्यावर होत नाही. एक दार उघडलं, पण ते ओसरीपर्यंतच.

आता आपल्याकडे या. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगलोरच्या संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला आणि मग अटी घालून घेतलं. आज तसं तोंडावर कोणी म्हणत नाही. पण २०२० साली वैष्णवी अनंतनारायणन आणि श्रुती मुरलीधर यांनी 'बायसवॉच इंडिया' सुरू करून आपल्या देशातल्या परिषदांचे वक्ते मोजायला घेतले. त्यांनी ९८ संस्थांची पाहणी केली, तर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अध्यापकवर्गात बायका सुमारे १७ टक्केच निघाल्या. जीवशास्त्राच्या कोणत्याही वर्गात डोकावा, मुलींनी बाकं भरलेली असतात. त्या मुली कुठं जातात?

मी सांगते, परिषदेत त्या कुठं असतात. नोंदणीच्या टेबलावर असतात. दारात रांगोळी त्या काढतात, स्वागतगीत त्या गातात, सूत्रसंचालन त्या करतात आणि भरजरी साडी नेसून पुष्पगुच्छाचं तबक त्याच धरतात. ज्यांना गुच्छ द्यायचे ते व्यासपीठावर ओळीनं बसलेले असतात. ही कामं हलकी नाहीत. पण ती करणाऱ्या मुलीला व्याख्यान ऐकायला सवड मिळत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

गुणवत्तेचं काय, असा आक्षेप येईल. मी उलट विचारते, आज यादी ओळखीपाळखीनं होते, तेव्हा गुणवत्तेची काळजी कोण करतं? जी नावं आठवलीच नाहीत त्यांची गुणवत्ता तपासली कोणी? २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी जाहीर केलं, की कार्यक्रमात सर्वांना न्याय्य संधी दिसत नसेल तर मी भाषणाला येणार नाही. पुरुषानं नाही म्हटल्यानं फरक पडतो, हे पुरुषांना सांगायला हवं.

तेव्हा करायचं काय? आपल्या पैकी कितीतरीजणींच्या मुली, सुना, भाच्या विज्ञान शिकताहेत. त्यांच्या कॉलेजात परिषद असेल तेव्हा कार्यक्रमपत्रिका मागून घ्या आणि मोजा. ठरवणाऱ्या समितीत बायका किती? वक्त्या किती? पाळणाघर आहे का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कोणाकडे जायचं ते पत्रिकेवर छापलंय का? २०१३ चा कायदा आहे, तो परिषदेच्या दारात संपत नाही. परिषदा बहुतेक वेळा सरकारी पैशावर, म्हणजे आपल्या पैशावर होतात. विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि हेच मोजमाप आपल्या मेळाव्यांनाही लावा. पुढच्या मेळाव्याची तयारी समिती आज दुपारी बसणार आहे. तिच्यात वस्तीतल्या किती, दलित आणि मुस्लिम बायका किती, लेकुरवाळ्या किती, हे यादी पक्की होण्याआधीच मोजू या.