पाय गार, पोट गरम

आम्ही संगमेश्वरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

मागच्या बैठकीत हिशेब लवकर आटोपला, म्हणून एक खेळ खेळलो. डोक्याचा केस पासबुकाच्या पानाखाली ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. ऑस्टिओपॅथी नावाची हातांनी तपासून उपचार करायची पद्धत आहे. अमेरिकेत तिची पहिली शाळा १८९२ साली निघाली. बोटं तयार करायला तिचे विद्यार्थी असा सराव करतात. आमच्यात जिंकली काजू सोलणारी काकी. जोरात दाबणाऱ्या सगळ्या हरल्या. हलकं बोट ठेवलं, तिलाच केस लागला.

खेळामागे कारण होतं. गेल्या पावसाळ्यात वाडीत एक लेक बाळंतपणाला आली होती. बाळ आठ दिवसांचं, पाय गार. आजी म्हणाली, "लहान पोरांचे पाय गारच असतात गो." आम्ही पोटाला हात लावला, ते उबदार वाटलं, म्हणून गप्प बसलो. पण आमचे हात नुकतेच भांडी घासून आलेले, गारठलेले. अशा हातांना गार पोटही उबदारच लागणार! आशाताई आल्या. त्यांनी हात पुसले, चोळून गरम केले, मग हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावली. पोटही गार होतं. थर्मामीटरनेही तेच सांगितलं. बाळाला टोपी घातली, आईच्या उघड्या छातीशी धरलं, वर गोधडी घेतली आणि तसंच दवाखान्यात नेलं. आता ते भिंत धरून उभं राहतंय.

एवढं ध्यानात ठेवा. पोट, पाय दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. आईच्या अंगाशी घ्या, पाजा. दोन्ही गार, तर १०८ ला फोन करा, तोवर अंगाशी धरूनच ठेवा. बाळ पीत नसेल, मलूल असेल, तर हाताला काहीही लागो, थांबू नका.

ही कामं गावातल्या बायकांना जमतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत घरी येतात, त्याची सुरुवात अशा कामातून झाली. त्या आल्या की चहा ठेवायला धावू नका, शेजारी बसून त्यांचे हात बघा.

पुढच्या बैठकीला जुनी वही आणा. पासबुकाची पानं चुरगळलीत, बँकेत आम्हालाच बोलणी बसतील.