लाकडावरील डागकाम : छटा आणि रंग



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, वेदान्त ऐकता, शेतीचे अर्थकारण ऐकता. आजचा आमचा विषय त्या मानाने अगदी लहान, वीतभर लाकडात मावणारा आहे. समोरच्या टेबलावर तीन नंदी मांडले आहेत. तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात, ते हे नंदी. यवतमाळकरांना त्यांची ओळख करून द्यावयास नको. यांतला पहिला पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला आहे. दुसरा जळका, काळवंडलेला दिसतो. तो आम्ही स्वतः बिघडवला. तिसरा या जिल्ह्यातल्या एका वृद्ध सुतार मिस्त्रींच्या हातचा आहे. या तिघांची हकिगत हेच आजचे व्याख्यान.

प्रथम शब्दाकडे पाहू. तापलेल्या लोखंडाने लाकडावर नक्षी किंवा चित्र काढण्याच्या कलेला इंग्रजीत पायरोग्राफी म्हणतात. शब्द ग्रीक मुळाचा. अग्नीने लिहिणे हा त्याचा अर्थ. आपण तिला डागकाम म्हणू. 'डाग' या शब्दात आपल्या भाषेने मोठी गंमत करून ठेवली आहे. धोतराला लागतो तो डाग, बैलाला देतात तो डाग, आणि 'डागदागिने' म्हणताना अंगावर घालतात तोही डागच. कलंक, चटका आणि अलंकार असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. चटक्याचा कलंक कोठे होतो आणि अलंकार कोठे होतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ही कला परदेशातून आली असे मानण्याचे कारण नाही. बस्तरमधील मुरिया गोंड बांबूच्या पोकळ नळीची एक बासरी करतात. ती हवेत फिरवली की वाजते, आणि तिच्यावरची नक्षी तापलेल्या लोखंडाने डागून काढलेली असते. आमच्या गुराख्याच्या पाव्याची छिद्रेही तापल्या सळईनेच पाडतात. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे हेच तप्त साधन वैद्याच्या हाती आहे. गंमत अशी की, युरोपातही या दोन वाटा एकत्र आल्या. तेथे पूर्वी शेगडीतले निखारे हलवण्याच्या लोखंडी कांबीने हे काम करीत. पाकलँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८७० नंतरच्या दशकात बेन्झिनच्या वाफेवर सतत तापत राहणारे प्लॅटिनमचे टोक शस्त्रक्रियेसाठी तयार केले, आणि तेच पुढे चित्रकारांनी लाकडासाठी उचलले. कारण दोघांची गरज एकच होती : उष्णता हवी, पण आपल्या ताब्यातली हवी.

आता दुसऱ्या नंदीकडे वळू. आम्ही आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. पेन्सिलीने छटा देणे हा आमच्या हातचा मळ, अशी आमची समजूत. तेव्हा शिवणीच्या लाकडाचा एक कोरा नंदी घेऊन मिस्त्रींच्या अंगणात आम्ही बसलो, आणि शेगडीतली लालभडक सळई उचलून वशिंडाखाली टेकवली. धूर निघाला, खड्डा पडला आणि त्याभोवती काळे वलय उमटले. ते झाकण्यासाठी आणखी डागले. तासाभरात नंदीची ही दशा झाली. पेन्सिलीला खोडरबर आहे, जलरंगाला ओला बोळा आहे; आगीला काही नाही. मिस्त्री पाहत होते. ते म्हणाले, "काऊन घाई करता, गुरुजी? लोखंड निवू द्या. रंग निवत्या लोखंडात हाय, तापत्यात नाही."

हे वाक्य आम्ही घरी आणले आणि त्याचा अर्थ पुस्तकांत शोधला. लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की हळूहळू पिवळसर, मग तांबूस, मग तपकिरी होऊ लागते. ३०० अंशांच्या आसपास त्याचे घटक झपाट्याने फुटतात आणि कोळसा होऊ लागतो. लोखंड डोळ्यांना लाल दिसते तेव्हा ते ५०० अंशांच्या वर गेलेले असते. म्हणजे लाल सळईजवळ द्यावयास एकच रंग आहे, तो काळा. फिक्या बदामी रंगापासून गडद तपकिरीपर्यंतचा सारा छटांचा संसार लाली उतरल्यानंतरच्या उष्णतेत आहे. मिस्त्रींनी अंशांची मोजणी कधी केली नाही. ते सळई आधी फळकुटाच्या तुकड्यावर ओढून पाहतात, आणि तेथे उमटलेली रेघ पसंत पडली की मगच नंदीला हात लावतात.

छटेचे माप दुहेरी आहे : उष्णता किती आणि स्पर्श किती वेळ. गडद हवे असेल तर अधिक तापवावे, असे नवशिक्याला वाटते. खरी रीत उलट आहे. टोक मंद ठेवावे आणि त्याच जागेवरून पुन्हापुन्हा फिरवावे. एकेका फेरीने छटा एकेक पायरी उतरते. घार भक्ष्यावर झेपावते तेव्हा ती जमिनीवर बसत नाही, उडता उडता स्पर्श करते आणि उडता उडताच निघते. सळईचे टोकही असेच चालते असताना टेकावे आणि चालते असतानाच उचलावे. ते क्षणभर थांबले की काळा ठिपका पडलाच म्हणून समजा.

छटा देण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली रेघांची : रेघा जवळ आल्या की गडद, दूर गेल्या की फिकट, बैलाच्या अंगावरच्या केसांना ही रीत शोभते. दुसरी ठिपक्यांची : हिला वेळ फार लागतो, पण चूक कमी होते, म्हणून शिकणाऱ्याने येथून आरंभ करावा. तिसरी सपाट छटेची : चमच्याच्या पाठीसारखे गोलसर टोक घेऊन लहान लहान वर्तुळांत फिरवावयाचे, म्हणजे रेघ दिसतच नाही, केवळ सावली पसरते. वशिंडाच्या गोलाईला ही तिसरी रीत हवी. उजेड मात्र जाळून आणता येत नाही. तो राखावा लागतो. जेथे उजेड पडतो तेथे लाकूड कोरे सोडावयाचे. फार तर ब्लेडच्या धारेने किंचित खरवडून गेलेला उजेड थोडा परत मिळतो.

तिसरा नंदी हाती घेऊन पाहा. शेजारच्या वर्धा भागातला गवळाऊ जातीचा बैल आपण पाहिला असेल. अंग पांढरे, पण मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. मिस्त्रींनी नेमकी तीच झाक उतरवली आहे. मानेपासून वशिंडाकडे छटा चढत जाते, माथ्यावर सर्वांत दाट होते आणि पाठीवर विरघळते. ती कोठे संपली हे बोट ठेवून दाखवता येणार नाही.

आता लाकडाविषयी. यवतमाळ जिल्हा सागवानाचा. पांढरकवड्याकडची सागाची जंगले कोणाला ठाऊक नाहीत? पण डागकामाला साग हा थोडा अवघड गडी आहे. त्याचा गाभा मुळात तपकिरी, म्हणून फिक्या छटा त्यावर उठत नाहीत. त्याची वार्षिक वलये ठळक : वलयाचा मऊ भाग चटकन जळतो, कठीण भाग सावकाश, त्यामुळे सरळ रेघही अडखळत चालते. सागावर ठसठशीत रेघांचे काम करावे. नाजूक छटांसाठी फिकट आणि एकसारख्या पोताचे लाकूड हवे. आपल्या रानातली शिवण, पिवळसर हळदू आणि काळा कुडा ही त्या कामाची झाडे. काळा कुडा नावाने काळा असला तरी लाकडाने गोरा आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची आणि आंध्रातील एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी याच लाकडाची होतात. लाकूड चांगले वाळलेले असावे, आणि पॉलिश कागदाने रेषांच्या दिशेने घासून गुळगुळीत केलेले असावे. आमच्या उन्हाळ्याची एरवी सर्वांना तक्रार असते, पण लाकूड वाळवण्यात त्याच्यासारखा कारागीर नाही.

पुढचा भाग रंगाचा. येथे पहिला नियम असा की, आधी डागावे आणि मग रंगवावे. रंगवलेले लाकूड डागले तर रंग मळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. दुसरा नियम असा की, सावली आगीची असावी, रंगाची नव्हे. गडद करण्यासाठी काळा रंग घेतला की सगळी मेहनत झाकली गेली. रंग पाण्यासारखा पातळ, लाकडाच्या रेषा आणि डागाची छटा आरपार दिसेल असा असावा. तिसरी गोष्ट गमतीची आहे. ओला रंग लाकडाच्या रेषांतून पसरत जातो. पण मध्ये डागून काढलेली खोल रेघ असली की तो बहुधा तेथेच थबकतो, जसे वावरातले पाणी धुऱ्याला अडते. म्हणून झुलीचे काठ, गोंडे, माळ हे सर्व आधी रेघेने बांधून घ्यावे आणि मग आत रंग भरावा.

या बाबतीत शेजाऱ्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणातले निर्मल गाव आहे. तेथील खेळणी पोनिकीच्या हलक्या लाकडाची असतात, त्यांवर चिंचोक्यांच्या लगद्याचा लेप देतात आणि मग रंग चढवतात. ती कला थोर आहे, पण तिच्यात लाकूड दिसत नाही, रंगच सर्व काही बोलतो. डागकामात लाकूड बोलते, आग साथ करते आणि रंगाने केवळ सूर धरावयाचा असतो. दोन्ही वाटा चांगल्या. एकाच नंदीवर दोन्ही चालू नयेत, एवढेच.

कोणता रंग टिकतो? हळद आणि पळसाची फुले यांचा रंग पाहताक्षणी मोहवतो, परंतु उन्हाने लवकर उडतो. गेरू आणि पिवळी माती हे खनिज रंग उन्हाला दाद देत नाहीत. धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात त्यांची वस्त्रगाळ पूड कालवली की झुलीला पुरेसा तांबडा-पिवळा रंग होतो. काताचे पाणी तपकिरी झाक देते. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्यावा, म्हणजे छटा उजळते. इतके करूनही नंदी उन्हात ठेवू नये, कारण फिक्या डागछटाही वर्षानुवर्षांच्या उन्हाने उतरतात.

एक सावधगिरी सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. हल्ली विजेवर तापणारी, उष्णता कमीजास्त करता येणारी लेखणी मिळते, आणि मुले हौसेने हे काम करतात. त्यांनी प्लायवुड, रंगवलेले वा पॉलिश केलेले लाकूड कधीही डागू नये. त्यातल्या सरसाचा आणि रंगाचा धूर छातीला घातक असतो. साध्या लाकडाचा धूरही नाकात जाऊ देऊ नये. वारा आपल्याकडून कामाकडे जाईल असे बसावे आणि तोंडाला मुखपट्टी बांधावी.

आता पहिल्या नंदीबद्दल. तोही मिस्त्रींनीच केला आहे! आम्ही विचारले, हाताशी एवढी कला असता हा ऑइलपेंट कशाला? त्यांनी दोन कारणे सांगितली. पहिले हे की, गिऱ्हाईक म्हणते, "जळकं लाकूड सणाले कोण घेते?" दुसरे अधिक सरळ होते. "हा पांढरा अर्ध्या घंट्यात होते, गुरुजी, अन् त्याले दोन दिवस लागते. लोक दोघाईचा भाव एकच सांगते." त्यांचा मुलगा शहरात फर्निचरवर सनमायका चिकटवतो आणि बापापेक्षा अधिक मिळवतो. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. दोन दिवसांच्या कामाला अर्ध्या तासाचा भाव देणारे हात सुताराचे नव्हते, ते आपले होते. आम्ही स्वतः कित्येक वर्षे असेच नंदी घासाघीस करून घेत आलो, आणि तिसऱ्या नंदीची छटा पाहण्याची दृष्टी चित्रकलेचा शिक्षक असूनही आम्हांला नव्हती. ती एक नंदी बिघडवल्यावर आली.

कला मरते ती बहुधा कारागीर थकल्याने नव्हे. पाहणारा नीट पाहीनासा होतो, तेव्हा मरते. आज वसंत आहे. पोळा श्रावणी अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. मध्ये चार महिने आहेत, लाकूड वाळलेले आहे आणि मिस्त्रींचा हात अजून स्थिर आहे. आपल्यापैकी दहा घरांनी आज आपापल्या गावच्या सुताराला डागाचा नंदी सांगितला, त्याच्या दोन दिवसांचे दाम आधी मोजले आणि आपले एक पोर त्याच्याजवळ पाहावयास बसवले, तर येत्या सणाला मुलांच्या हाती निराळे बैल दिसतील.

व्याख्यान संपल्यावर तिन्ही नंदी आपण हातात घेऊन पाहावे. दुसराही अवश्य पाहावा. चटक्याचा कलंक कसा होतो हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी सांगणार नाही. आणि तिसऱ्याच्या वशिंडावरून अंगठा फिरवावा. तेथे आग होती असे अंगठ्याला कळतही नाही. तो डाग, आमच्या जुन्या भाषेच्या अर्थाने, दागिना आहे.