मेला गडी उठला



हुतुतूच्या मैदानावर "मेला" हा शब्द जितक्या वेळां व जितक्या आनंदानें उच्चारला जातो, तितका तो दुसरीकडे क्वचितच कानीं पडतो. गडी मेला कीं रेघेबाहेर बसतो. प्रतिपक्षाचा गडी मेला कीं पहिला उठतो. या मरण्याउठण्याचें वऱ्हाडांतील आईबापांस कधीं कांहीं वाटलें नाहीं. परंतु अमरावतीच्या राजापेठेंत किंवा अकोल्याच्या जठारपेठेंत रात्रीं दहा वाजतां मुलगा कानांस यंत्र लावून बसलेला असतो, आणि बंद दाराआडून "मेलो बे, थांब, आलोच उठून" असे शब्द ऐकूं येतात, तेव्हां त्याच आईबापांच्या पोटांत धस्स होतें. तें होणें अगदींच अस्थानीं नाहीं. मात्र पडद्यावरची बंदूक आणि रक्त पाहून तें होत असेल, तर कारण भलत्याच ठिकाणीं शोधलें जात आहे.

या सैनिकी खेळांत पडद्यावर आपल्या सैनिकाचे हात व बंदूक एवढेंच दिसतें. खेळणाराचे डोळे तेच सैनिकाचे डोळे. खेळाचे भाग दोन. एक मोहिमेचा, एकट्यानें खेळावयाचा. दुसरा जाळ्यावरून इतर खेळाडूंशीं लढावयाचा. नांव एक, वेष्टन एक, बंदुकाहि बहुधा त्याच. पण हे दोन भाग स्वभावानें इतके वेगळे आहेत कीं त्यांस एकच खेळ म्हणावें कीं नाहीं, याचीच शंका यावी.

मोहिमेचें उदाहरण म्हणून २००७ सालीं निघालेल्या "कॉल ऑफ ड्यूटी" मालेंतील "मॉडर्न वॉरफेअर" या खेळाकडे पाहावें. त्यांत खेळणारा कांहीं काळ पॉल जॅक्सन नांवाच्या अमेरिकन सार्जंटच्या डोळ्यांनीं युद्ध पाहतो. पुढें अणुस्फोट होतो आणि त्याचें हेलिकॉप्टर कोसळतें. जॅक्सन शुद्धीवर येतो. खेळणारा त्याला कसाबसा बाहेर सरपटत आणतो. समोर धुराचा प्रचंड ढग, आजूबाजूस मोडलेलें शहर. बंदूक नाहीं, शत्रु नाहीं, जिंकावयाचें कांहीं नाहीं. थोडक्याच वेळांत जॅक्सन मरतो, आणि त्याला उठविण्याची सोय खेळांत नाहीं. दगडाच्या काळजाचीं पोरेंहि तेथें क्षणभर गप्प होतात. गंमत अशी कीं त्याच मोहिमेंत त्या मुलानें शेंकडों शत्रु लोळविलेले असतात. त्यांचें त्याला कांहींच वाटत नाहीं, आणि वाटूंहि नये; तीं यंत्रानें हालविलेलीं बाहुलीं आहेत.

आपल्याकडेहि असा प्रयत्न झाला. १५ जून २०२० रोजीं गलवानच्या खोऱ्यांत वीस भारतीय जवानांस वीरमरण आलें. त्याच वर्षीं "फौजी" या खेळाची घोषणा झाली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजीं तो बाहेर आला. त्यांत गलवानची मोहीम होती. त्या चकमकींत गोळीबार झाला नव्हता, म्हणून खेळांतहि मुख्य झुंज हातघाईची ठेविली होती. कर्त्यांचा हा संयम नोंदण्यासारखा आहे. पुढें जानेवारी २०२५ मध्यें त्याच नांवाचा "फौजी : डॉमिनेशन" हा खेळ पुण्याच्या डॉटनाइन कंपनीनें तयार केला. तो अनेकांनीं मिळून खेळावयाचा. आतां बंदुका आल्या, दोन पक्ष आले, आणि गलवानची कथा मागें राहिली.

या दुसऱ्या भागाचे नियम मुलांकडून समजून घेऊं गेल्यास घरांतील वडीलधारी माणसें लवकरच कंटाळतात. वस्तुतः ते त्यांस लहानपणापासून ठाऊक आहेत. हुतुतूचे जुने प्रकार तीन : संजीवनी, गामिनी आणि अमर. अमर प्रकारांत मेलेला गडी बाहेर जातच नाहीं. प्रतिपक्षास गुण मिळतो आणि खेळ चालूं राहतो. बंदुकीच्या खेळांतील "टीम डेथमॅच" थेट याच जातीची आहे. गडी पडतो, चार-पांच सेकंदांत दुसरीकडे उभा राहतो, गुण मात्र समोरच्याच्या खात्यावर. गामिनींत मेलेला गडी आपला सगळा पक्ष बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. "सर्च अँड डिस्ट्रॉय" या प्रकारांतहि मेलेल्यास डाव संपेपर्यंत नुसतें पाहत बसावें लागतें. सोबत्यानें धांवत येऊन घायाळ गड्यास उभें करावयाचें, असे जे खेळ आहेत त्यांचें नातें संजीवनीशीं लागतें. तिहींत गामिनीच अधिक शहाणी म्हणावी. मरणाची किंमत द्यावी लागते म्हणून तेथें मुलें जपून पाऊल टाकतात, सोबत्याचें ऐकतात. अमर प्रकारांत नुसती मुसंडी.

अमरावतीस हें सांगावयास नकोच. तेथें वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ जगास दाखविले. त्या मैदानावर आणि या पडद्यावर फरक मरण्याउठण्याचा नाहीं. तो समोरच्या गड्याचा आहे. हुतुतूंत दम घालीत येणाराचा श्वास कानाशीं लागतो, त्याची मनगटें हातांत सांपडतात, आणि मारलेला गडी रेघेबाहेर डोळ्यांसमोर बसलेला असतो. वाद झाला तर तोंडानें, पंचासमोर. पडद्यावरचा पंच म्हणजे दूर कोठें तरी असलेलें यंत्र. अकोल्याच्या मुलाची हालचाल त्याच्यापर्यंत पोंचून परत येण्यास सेकंदाचा कांहीं अंश लागतो. तेवढ्यांत मुलगा भिंतीआड गेलेला असतो, पण मारणाराच्या पडद्यावर तो अजून उघड्यावरच दिसतो. पुष्कळ खेळांत पंच मारणाराचें दिसणें ग्राह्य धरतो. मुलाला वाटतें, लबाडी झाली! मग कानाच्या यंत्रांतून जी शिवी जाते ती मैदानावर तोंडासमोर देण्याची त्याची छाती झाली नसती.

म्हणजे पाहा, जेथें समोर बाहुलें आहे त्या मोहिमेंत मुलगा एका जॅक्सनसाठीं हळहळतो. आणि जेथें समोर आपल्याच वयाचें, आपलीच भाषा बोलणारें, उद्यां परीक्षेस बसणारें पोर आहे, तेथें त्याला तें पोर दिसतच नाहीं. दिसतें तें एक टोपणनांव आणि त्यापुढला आंकडा. आईच्या पोटांत धस्स व्हावें तें येथें.

२०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई खेळ झाले, त्यांत कबड्डीहि होती आणि प्रथमच पदकांसाठीं संगणकी खेळहि होते. भारतानें कबड्डीचीं दोन्हीं सुवर्णपदकें जिंकलीं. बंदुकीच्या खेळाचा तेथें जो अवतार ठेविला होता त्यांत खेळाडूंनीं एकमेकांवर न झाडतां लक्ष्यांवर गोळ्या झाडावयाच्या होत्या. माणसावरचा नेम काढला, तरी खेळ चालला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळण्यास बंदी झाली व संगणकी क्रीडेस मान्यता मिळाली. पैसे न लावतां झालेल्या शिवीगाळीचा विचार अर्थातच घरांनीं करावयाचा आहे.

कांहीं खेळांत डाव संपल्यावर दोन्हीं पक्षांचे आवाज थोडा वेळ एकमेकांस ऐकूं येतात. बहुतेक मुलें तो अवधि टोमण्यांत घालवितात. पण कधींकधीं जठारपेठेंतला मुलगा सहज विचारतो, "कुठचा व्हय बे तू?" आणि पलीकडून उत्तर येतें, "बडनेऱ्याचा." मग पुढचा डाव सुरू होतो.