आधी तलाकचा कागद, मग निकाहची तारीख

(जळकोट, ता. तुळजापूर येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी एका ठरावीक प्रकारच्या स्थळाबद्दल बोलणार आहे. मुलगा अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. तिथला कायम रहिवासी आहे, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा पीआर आहे, पण नागरिकत्व नाही. त्याचं एक लग्न मोडलेलं आहे आणि आता तो दुसऱ्या निकाहसाठी आपल्याकडची मुलगी बघतोय. सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या आपल्या गावांतही आता अशी स्थळं येतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तलाक झालेल्या माणसाशी निकाह करण्यात कसलाही कमीपणा नाही. मोडलेल्या संसारानंतर पुन्हा घर मांडायचा हक्क बाईलाही आहे, पुरुषालाही आहे. माझा प्रश्न फक्त कागदाचा आहे.

मी वकिली करते. अशी स्थळं घेऊन आईबाप माझ्याकडे येतात. त्यांना मुलाचा पगार माहीत असतो, गाडी माहीत असते, तिथल्या घराचे फोटोही मोबाईलमध्ये असतात. मी विचारते, "पहिल्या लग्नाचा तलाकनामा पाहिला का?" उत्तर ठरलेलं असतं: "लडके की फुप्पी बोली ना, हो गया करके."

फुप्पीच्या शब्दावर व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत बायकोसाठी जो आय-१३० अर्ज भरतात, त्यात दोघांचीही आधीची सगळी लग्नं लिहावी लागतात आणि प्रत्येक लग्न कायद्याने संपल्याचा पुरावा जोडावा लागतो. त्यात आणखी एक मेख आहे. पहिल्या बायकोमुळेच याला ग्रीन कार्ड मिळालं असेल आणि नंतर घटस्फोट झाला असेल, तर ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत नव्या बायकोसाठी केलेला अर्ज सहजासहजी मंजूर होत नाही. पहिलं लग्न कार्डासाठी केलेलं नव्हतं, हे त्याला भक्कम पुराव्याने सिद्ध करावं लागतं. कॅनडात २०१२ पासून नियम याहून कडक आहे. जो स्वतः बायकोच्या अर्जावर पीआर झाला, त्याला पुढची पाच वर्षं नव्या बायकोसाठी अर्जच करता येत नाही.

म्हणून "पीआर आहे" एवढं ऐकून थांबू नका. कधी मिळाला आणि कोणामुळे मिळाला, हे विचारा.

आता तलाकबद्दल. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन या देशांत घटस्फोट कोर्टच देतं. तिथल्या घरात बसून उच्चारलेला तलाक तिथला कायदा मानत नाही. आणि फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर एका दमात दिलेला तीन तलाक आपल्याकडेही चालत नाही. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. म्हणजे अशा माणसाची पहिली बायको आजही त्याची बायकोच आहे.

खरा फास इथे आहे. आपल्याकडच्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पहिली बायको असताना केलेला दुसरा निकाहही वैध ठरतो. त्या देशांत मात्र दुसरी बायको ही बायकोच नसते. मग आपली मुलगी जळकोटात लग्न झालेली आणि तिकडे कोणीच नाही. इथे ती दुसरं लग्न करू शकत नाही, तिकडे जाऊ शकत नाही. माहेरी बसून ती पासपोर्टची मुदत मोजते.

काही जण म्हणतात, "लग्नाची नोंदणी केली की झालं." नोंदणी जरूर करा. गावात ग्रामसेवक विवाह निबंधक असतो, ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. पण नोंदणीमुळे तुमचा निकाह झाला एवढंच सिद्ध होतं. त्याचा आधीचा संपला हे सिद्ध होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे महापालिकेच्या एका प्रकरणात सांगितलं की, महाराष्ट्राच्या १९९८ च्या नोंदणी कायद्यात मुस्लिम पुरुषाच्या एकाहून अधिक लग्नांची नोंदणी करायला मनाई नाही. तेव्हा त्या दाखल्याच्या भरवशावर राहू नका.

फोनवरचा किंवा व्हिडिओ कॉलवरचा निकाहही टाळा. २०१५ पासून कॅनडा इमिग्रेशनसाठी तो धरत नाही. अमेरिकेतही, निकाहनंतर नवराबायको प्रत्यक्ष एकत्र आल्याशिवाय तो मोजला जात नाही.

मुलींनो, स्थळ आलं की चार गोष्टी मागा. एक, घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकमाची प्रमाणित प्रत. तलाक किंवा खुला इथे झाला असेल तर त्याचा कागद, आणि तो तिकडे चालेल का यावर तिथल्या वकिलाचं लेखी मत. दोन, ग्रीन कार्डाची किंवा पीआरची तारीख. तीन, पहिल्या बायकोची आणि मुलांची किती जबाबदारी अजून त्याच्यावर आहे. अमेरिकेत त्याने तिला अर्ज करून नेलं असेल, तर सरकारला लिहून दिलेली तिच्या पोषणाची हमी नुसत्या घटस्फोटाने संपत नाही. चार, व्हिसा येईपर्यंत तुमचा खर्च कोण करणार. नागरिकाच्या बायकोला अमेरिकेत कोट्याची रांग नसते, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला असते. हा खर्च निकाहनाम्यात अट म्हणून लिहून घ्या. तलाक-ए-तफवीज, म्हणजे ठरलेल्या कारणासाठी स्वतः तलाक घ्यायचा अधिकारही त्यातच लिहून घ्या. शरियत त्याला हरकत घेत नाही, आपली कोर्टंही मानतात.

मुलांनो, तुमच्यातले काही उद्या बाहेर जातील. कोणाचं लग्न मोडलंच, तर तिथल्या कोर्टातून नीट सोडवा. पहिल्या बाईला मोकळी करणं आणि दुसरीला फसवणूक न होऊ देणं, ही एकाच कागदाची कामं आहेत.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन विधानभवनावर गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची एक मागणी होती. त्यांना जे सरकारकडून हवं होतं, ते आज परदेशी वकिलातीतला कारकून खिडकीपलीकडून विचारतो: तलाक झाला, तर पुरावा कुठे आहे? तो प्रश्न आपण आपल्या ओसरीवर, शरबताचे ग्लास येण्याआधी विचारला पाहिजे.

माणूस सरळ असेल तर त्याला राग येणार नाही. कागद यायला तीन महिने लागले, तर निकाह तीन महिने पुढे ढकला. हॉलचा अॅडव्हान्स बुडाला तरी चालेल.