जोडणारा कोण, खोलणारा कोण?



मोबाइलची बॅटरी तुम्ही स्वतःच्या हाताने शेवटची कधी काढली? पूर्वी मागचं झाकण नखाने उघडायचं. आता झाकणही गोंदाने चिकटवलेलं आणि आत बॅटरीही. ही निव्वळ तांत्रिक बाब वाटते. मला आज तिच्यातली जात दाखवायची आहे.

संशोधनासाठी मी दिल्लीतल्या सीलमपूरला जाते. जुन्या कॉम्प्युटर-मोबाइलच्या भंगाराचा तो मोठा बाजार. तिथे मला भेटलेले कामगार बहुतेक मुस्लिम आणि दलित घरांतले. एका कारागिराने मला दोन फोन खोलून दाखवले. जुन्याचे स्क्रू काढले, भाग सुटे झाले. नव्याला आधी गरम हवा दिली, मग पातळ पत्ती घालून बॅटरी उचकटली. पत्ती बॅटरीत घुसली तर ती पेट घेते. त्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. ज्याने हे जोडलं त्याने ते कधी खोललेलंच नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

उपाय अवघड नाहीत. गोंदाऐवजी स्क्रू, तेही एकाच मापाचे. प्लास्टिकच्या प्रत्येक भागावर त्याच्या प्रकाराची खूण. धातू आणि प्लास्टिक एकजीव न करणं. मग हे होत का नाही? गोंदामुळे फोन पातळ होतो, कारखान्यात जोडणी सोपी होते. त्याची किंमत दुसऱ्याच माणसाचे हात मोजतात.

जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली लावते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिलं. इथेही डिझाइनचं टेबल वर आणि भंगाराचं दुकान खाली. खालचा अनुभव वर जायला वाट नाही.

युरोपीय संघाच्या 2023 च्या कायद्यानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडून, उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांत उत्पादक, निर्माते, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारे आणि पुनर्चक्रण करणारे अशा चारच वर्गांची नोंदणी आहे. नुसतं खोलण्याचं काम करणाऱ्यांचा वेगळा वर्ग नाही. कामगारांची दखल आणि नोंद राज्य सरकारांवर सोपवली आहे. म्हणजे मागणी कुठे करायची, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण फक्त सुरक्षित हातमोजे मागून थांबू नका. या कामगारांना हटवून त्यांचं काम मोठ्या कारखान्यांना देणं, हाही न्याय नाही. त्यांची नोंद व्हावी, त्यांना नीट मजुरी मिळावी आणि वस्तू ठरते त्या टेबलावर त्यांना जागा असावी.

तुमच्यातले काही जण घरातले पहिले इंजिनिअर आहेत. घरात कोणी भंगाराचं काम केलं असेल, तर मुलाखतीत ते लपवू नका. वस्तू शेवटी कुणाच्या हातात जाते, हे त्या टेबलावर कदाचित फक्त तुम्हालाच माहीत असेल.

जय भीम.